इंग्रजी कशासाठी शिकायची?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत शाळेतल्या इंग्रजीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण भाषेचा इतिहास हा आपल्या गुलामीचा आणि मुक्तीचाही इतिहास आहे. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आपला नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत. १९१८ साली हैद्राबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथेही शिकवण्याची भाषा उर्दूच. ज्याच्या घरात मराठी आणि ज्याला अक्षरओळख नाही, त्याला स्वतःच्या नावाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वाचणारा सांगेल ते खरे! ज्याला कागद वाचता येतो त्याच्याच हाती सत्ता राहते.

सावित्रीबाईंनी हे आधीच ओळखले होते. १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९३६ चे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यांनी इंग्रजीत लिहिले. पण १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' मराठीत काढला. जगाला जाब विचारायला इंग्रजी, आपल्या माणसाला जागे करायला मराठी! तथागतांनीही धम्म लोकांच्या बोलीत सांगा, असेच भिक्खूंना सांगितले होते. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या लेकरांना तिथे उच्च शिक्षणाचे दार उघडले.

आम्ही मिलमध्ये कामाला असताना गेटवर इंग्रजीत नोटीस लागायची. आम्ही सगळे खाली उभे, वाचणारा एक. आजोबा उर्दू कागदापुढे उभे राहत, तसेच आम्ही इंग्रजीपुढे!

पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होती. २००० सालापासून ती महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाली. हे चांगलेच झाले. पण आज लेकरू निबंध पाठ करते, मार्क आणते आणि घरी आलेले बँकेचे पत्र बापाला समजावून सांगू शकत नाही. लातूर पॅटर्नने गरिबाची पोरेही डॉक्टर-इंजिनिअर केली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु मार्क हे साधन आहे, ध्येय नव्हे. आणि चार इंग्रजी शब्द आले म्हणून आजीच्या बोलीला हसणारे पोरगे शिकले, असे आम्ही मानीत नाही. इंग्रजी शिकवण्याचे ध्येय एकच: वाचावे, समजावे, प्रश्न विचारावा. आणि मूल्य हे, की आपल्याला कळले ते न कळणाऱ्याला सांगावे.

म्हणून आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एका मुलाने किंवा मुलीने संविधानाची उद्देशिका इंग्रजीत वाचावी आणि तिचा अर्थ आपल्या मायबोलीत सर्वांना सांगावा. समोर बसलेल्या आजीला तो कळला, तर ते लेकरू पास!

जयभीम! नमो बुद्धाय!