आंबटपणाला आकडा देणारा माणूस

गेल्या डिसेंबरात मी गावाकडच्या गुऱ्हाळावर पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या घेऊन गेलो. गुळव्या मामांनी काहिलीतला रस पळीत घेतला, उजेडात धरला, जिभेला लावला. "अजून जरा चुन्याची निवळी लागंल," म्हणाले. माझी पट्टी रसाच्या मळकट हिरव्या रंगानं अशी माखली की पाच दाखवतेय की सहा, काही कळेना. मामा हसले.

मामा जिभेवर जे जोखतात, त्याला आकडा दिला डेन्मार्कच्या सोरेन सोरेन्सेननं. जन्म 1868 चा. 1901 पासून तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचा प्रमुख होता. हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. बिअर असो की प्रथिनं, सगळा खेळ एन्झाइमांचा आणि एन्झाइमं आंबटपणाला फार हळवी. तेव्हा आंबटपणा मोजायचा म्हणजे किती अल्कली घातल्यावर आम्ल संपतं ते बघायचं. पण ही मोजणी फसवी आहे. सारख्याच तीव्रतेचं, 0.1 मोलर ॲसेटिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. दोघांना अल्कली तेवढीच लागते, पण दुसऱ्यात मोकळे हायड्रोजन आयन सुमारे 75 पट जास्त असतात. एन्झाइमाला फरक पडतो तो या मोकळ्या आयनांनी, हे सोरेन्सेननं धरलं.

पण ते आकडे लिहायचे कसे? शुद्ध पाण्यासाठी 0.0000001. दिवसभर असली शून्यं मोजत बसणार कोण? 1909 च्या निबंधात त्यानं फक्त घात उचलला, उणे चिन्ह टाकलं आणि उरला 7. एक पायरी खाली म्हणजे आंबटपणा दहापट. मला तर हे चांगलं व्हेरिएबल नाव सुचण्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे त्यातल्या 'पी'चा नेमका अर्थ काय, यावर अजून वाद आहे.

पद्धत त्यानं छापून टाकली. संस्थापक जेकबसेनचा नियमच होता की प्रयोगशाळेतला महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही. ओपन सोर्सच म्हणा ना!

रंग बदलणाऱ्या सूचकांची मर्यादा मात्र माझ्या पट्टीसारखीच होती. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसात सल्फर डायऑक्साइड असायचा, तो सूचकाचा रंगच उडवायचा. त्यावर तोडगा म्हणून अर्नोल्ड बेकमननं 1934 मध्ये विजेवर चालणारा पीएच मीटर बनवला.

गुऱ्हाळात तर चूक लगेच दिसते. रस आंबट राहिला तर उकळताना साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि गुळाचा रवा मऊ पडतो. चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो आणि मार्केट यार्डात भाव पडतो. मामांचा अंदाज या दोन्हींच्या मधे बसतो, तोही ऊस कुठल्या रानातला आणि तोडून किती वेळ झाला हे बघून.

मामांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पुढच्या हंगामात मी मीटर घेऊन जाणार आहे. मामा "थांब" म्हणतील त्या क्षणाचा आकडा वहीत टिपून ठेवायचाय.