एक पडदा, दोन गावे

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात सुमारे हजार संगणकतज्ज्ञ बसले होते. मंचावर प्रात्यक्षिक दाखवणारे संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट, कानाला हेडफोन, उजव्या हाताखाली माउस. त्यांचा संगणक मात्र तिथे नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता.

चित्र येत होते मायक्रोवेव्हच्या दुव्यावरून. प्रयोगशाळेत छोट्या पडद्यावर अक्षरे उमटत, त्या पडद्यासमोर टीव्हीचा कॅमेरा रोखलेला असे आणि कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य सभागृहातल्या पडद्यावर पोचे. आज ही युक्ती ओबडधोबड वाटेल, पण त्या काळी याहून चांगला मार्ग शोधणे अवघड होते.

मग पडद्याच्या एका कोपऱ्यात त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन यांचा चेहरा उमटला. ते मेन्लो पार्कला बसले होते. दोघांसमोर एकच मजकूर, त्यावर दोघांच्या दोन खुणा फिरताहेत आणि बोलणेही सुरू! दीड तासाच्या त्या प्रात्यक्षिकातला हा सर्वांत विलक्षण क्षण म्हणायला हवा. माउसचे कौतुक पुष्कळ झाले, या क्षणाचे मात्र फारच कमी.

दूरवरचा पडदा असा आपल्यासमोर आणण्याची ही सोय साध्या संगणकांवर सर्रास यायला तीसएक वर्षे गेली. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत त्यासाठीचे ‘व्हीएनसी’ हे सॉफ्टवेअर घडले. त्याची रीत सोपी: पडद्याचा जेवढा चौकोन बदलला, तेवढाच पाठवायचा. १९९८च्या सुमारास ते फुकट खुले झाले. २००२मध्ये प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा तिथल्याच काही अभियंत्यांनी ‘रिअलव्हीएनसी’ कंपनी काढून ते काम पुढे नेले.