पाकिटावर ‘मालदांडी’ लिहिलंय, म्हणजे ती मंगळवेढ्याची ज्वारी असते का?

ऑनलाइन ज्वारी मागवायला गेलात की ‘मालदांडी’ आणि ‘मंगळवेढा’ हे दोन शब्द हमखास दिसतात. अनेकदा एकाच पाकिटावर. अनेकांना ते एकच वाटतात, पण तसं नाही. मालदांडी हे वाणाचं नाव आहे आणि मंगळवेढा हे गावाचं. त्यातल्या गावाच्या नावाला २०१६ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. हा फरक माहीत नसेल, तर जास्त पैसे मोजूनही भलतीच ज्वारी घरी येऊ शकते.

मालदांडी म्हणजे नेमकं काय?

मालदांडी ही रब्बी ज्वारी. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडलं गेलं, तेही स्वातंत्र्यापूर्वी. यात संकर नव्हता, निवड होती. म्हणजे शेतकऱ्यांकडच्या पिकातली सरस कणसं वेगळी काढायची, त्यांचं बी स्वतंत्र पेरायचं आणि टिकेल ते पुढे न्यायचं.

नंतर फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती अशी बरीच नवी वाणं आली. तरी मालदांडी टिकली. टपोरा, मोत्यासारखा चमकदार दाणा, मऊ भाकरी आणि जनावरांना आवडणारा कडबा ही त्याची कारणं.

पण हे वाण महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही पेरलं जातं. त्यामुळे पाकिटावरची ‘मालदांडी’ खरी असली, तरी ती मंगळवेढ्याची असेलच असं नाही.

मग मंगळवेढ्यात वेगळं काय?

जमीन. इथली काळी, खोल माती पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवते. पेरणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर पीक वाढतं ते मुख्यतः जमिनीतल्या ओलीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दाणा भरताना हवा कोरडी असल्याने तो पांढराशुभ्र राहतो. खरीप ज्वारी पावसात सापडली तर बुरशीने काळी पडते, तो धोका इथे कमी. म्हणून या तालुक्याला ‘ज्वारीचं कोठार’ म्हणतात.

दामाजीपंतांचा याच्याशी काय संबंध?

कोठार म्हटलं की संत दामाजीपंत आठवतात. परंपरेनुसार ते १५व्या शतकात बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले. संतचरित्रकार महिपतींच्या १७६२ च्या ‘भक्तविजय’ या ग्रंथात ही कथा येते.

ग्रंथ घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेला. तो सरकारी दप्तर नव्हे आणि कोठारात कोणतं वाण होतं हेही त्यावरून ठरत नाही. पण मंगळवेढा आणि धान्य ही जोडी लोकांच्या मनात किती जुनी आहे, हे त्यातून कळतं. आणि हा मुद्दा फक्त भक्तीचा नाही. भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे जीआयच्या अर्जात मातीचा तपशील आणि पिकवण्याची पद्धत लागते, तसाच उत्पादनाच्या उगमाचा पुरावाही लागतो. म्हणजे कृषी संशोधक आणि जुनी कागदपत्रं वाचणारा अभ्यासक, दोघांचंही काम एकाच फाईलमध्ये येतं.

जीआय मिळालं म्हणजे काय झालं?

१९९९ च्या कायद्यानुसार अशी नोंदणी चेन्नईतल्या कार्यालयात होते. ती १० वर्षांसाठी असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. ज्या संस्थेच्या नावावर नोंदणी झाली, ती नोंदणीकृत मालक. प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला मात्र ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ही पायरी राहिली, तर शेत मंगळवेढ्यात असूनही जीआयचं कायदेशीर बळ शेतकऱ्याच्या मालामागे पूर्णपणे उभं राहत नाही. दुसरीकडे, गावाच्या नावाचा भाव भलताच कोणी घेऊन जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. जीआय म्हणजे सेंद्रिय किंवा बिनरासायनिक नव्हे. ते उगमाबद्दल आणि त्या ठिकाणाशी जोडलेल्या गुणांबद्दल बोलतं.

लॅबमध्ये खरं-खोटं कळतं का?

अर्धवट. जनुकीय चाचणी वाण ओळखू शकते, पण तेच वाण दोन जिल्ह्यांत पेरलं असेल तर शेत कुठलं हे सांगू शकत नाही. वाइन, मध, तांदूळ यांचा उगम शोधायला त्यातली खनिजं आणि समस्थानिकं तपासण्याचं संशोधन जगभर झालं आहे. पण घरी आलेल्या किलोभर पिठासाठी हा मार्ग नाही. तिथे कागदच उपयोगी पडतो.

ऑर्डर करण्याआधी काय बघाल?

• ‘मंगळवेढा’ हा शब्द उत्पादनाच्या नावात आहे की फक्त जाहिरातीच्या मजकुरात?
• पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन आणि कमाल किंमत दिली आहे का? वेबसाइटवरही ही माहिती दाखवणं बंधनकारक आहे.
• एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक आहे का?
• जीआयचा लोगो असेल, तर अधिकृत वापरकर्ता कोण, हे विक्रेत्याला विचारा.
• शक्य असेल तर पिठाऐवजी अख्खी ज्वारी घ्या. दाणा निदान डोळ्यांनी पाहता येतो.

फसवणूक झाल्यास आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात ती सोडवायची असते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.