रक्ताची साक्ष

वाशिमचें नांव निघालें कीं वाकाटकांचें वत्सगुल्म, बालाजीचें देऊळ आणि पद्मतीर्थ यांचें वर्णन ओघानेंच येतें. आज त्याच भूमीवरील एका दुःखद अध्यायापासून आरंभ करावयाचा आहे.

१९१८ सालीं वाशिम हा अकोला जिल्ह्यांतील एक तालुका होता. १९०५ सालीं मोडलेला त्याचा स्वतंत्र जिल्हा पुन्हां होण्यास १९९८ चा जुलै उजाडावा लागला. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता, महायुद्धामुळें धान्य कडाडलें होतें, आणि जूनमध्यें मुंबईस प्रथम दिसलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबरांत अधिक क्रूर रूप घेऊन परतला. ऐन कापूस वेचणीच्या तोंडीं तो वऱ्हाडांत पसरला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांत मृत्यूचें प्रमाण मध्यप्रांत-वऱ्हाडांतच सर्वांत अधिक होतें. देशभरांत सव्वा ते दोन कोटी माणसें दगावलीं असावींत असा अंदाज आहे. त्यांत म्हातारेकोतारेच नव्हे, तर वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें फार होतीं.

त्यांचा बळी नेमका कोणी घेतला? तेव्हांचे डॉक्टर फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दाखविलेल्या जंतूकडे बोट दाखवीत. खरा कर्ता विषाणु होता. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा हा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. परंतु फायफरचा पक्ष सर्वस्वीं खोटा म्हणतां येत नाहीं. त्या साथींतील मृतांच्या फुप्फुसांचे जतन केलेले तुकडे अमेरिकन संशोधकांनीं पुन्हां तपासले आणि २००८ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, बहुतेकांचा अंत जंतुजन्य न्यूमोनियानें झाला होता. विषाणूनें श्वासनलिकेचें अस्तर खरवडलें, आणि एरवीं घशांत निमूट राहणारे जंतु खालीं उतरले. दार एकानें फोडलें, घर दुसऱ्यानें लुटलें.

अडचण अशी कीं, रोग्याच्या उशाशीं उभें राहून हे दोन शत्रु वेगळे ओळखतां येत नाहींत. ताप तोच, धाप तीच. थुंकींतील जंतु वाढवून पाहावयाचे तर दोन-तीन दिवस जातात. म्हणून रक्ताची साक्ष काढण्याचा खटाटोप सुरू झाला. साध्या इन्फ्लुएंझांत रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात, हें १९१८ सालींच ध्यानांत आलें होतें. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत एक प्रथिन आढळलें. तें आज सी-आर-पी म्हणून ओळखलें जातें. मात्र हा साक्षीदार कोणत्याहि दाहानें ओरडूं लागतो. चोर कोण हें तो सांगत नाहीं.

अधिक चोखंदळ साक्षीदार १९९३ सालीं फ्रेंच डॉक्टरांनीं पुढें आणला. त्याचें नांव प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसांत मिलिलिटरमागें ०.१ नॅनोग्रॅमहूनहि कमी असणारा हा पदार्थ जंतूंनीं हल्ला करतांच कांहीं तासांत शरीराच्या अनेक अवयवांतून पाझरूं लागतो. विषाणूशीं झुंजतांना शरीर जें इंटरफेरॉन निर्माण करतें, तें मात्र त्याला दाबून धरतें. या एका विरोधांतच सारी खुबी आहे.

१९१८ सालीं ही परीक्षा असती तरी तिचा उपयोग थोडाच होता; पेनिसिलिन दिसण्यास अजून दहा वर्षें होतीं. शंभर वर्षांनीं परिस्थिति उलटली. कोविडच्या काळांत, फेब्रुवारी २०२१ मध्यें, रिसोड तालुक्यांतील देगांवच्या एका निवासी शाळेंत दोनशेंवर विद्यार्थ्यांस बाधा झाली आणि वाशिमचें नांव देशभर झालें. तेव्हां औषधांची वाण नव्हती, अतिरेक होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीप्रमाणें, जगभरांत इस्पितळांत दाखल झालेल्या कोविडच्या रोग्यांपैकीं शेंकडा ८ जणांस जंतूंचा जोडसंसर्ग होता, आणि प्रतिजैविकें दिलीं गेलीं शेंकडा ७५ जणांस! अशा उधळपट्टीनेंच जंतु औषधांस सरावतात. पुढच्या खऱ्या न्यूमोनियाला मग कोणती गोळी द्यावयाची?

तरी प्रोकॅल्सिटोनिनला देवाचा कौल समजूं नये. मूत्रपिंडें निकामी झालीं, मोठी शस्त्रक्रिया झाली, किंवा कोविडच अत्यंत तीव्र झाला, तर जंतु नसतांहि तें वाढतें. माझ्या मतें त्याचा आंकडा कमी आला तर त्यावर अधिक विसंबावें. जास्त आला तर जंतूचा शोध घ्यावा. अत्यवस्थ रोग्यांत एका आंकड्यानें भागत नाहीं. औषध लागू पडलें तर तो साधारण एका दिवसांत निम्म्यावर येतो, म्हणून दुसऱ्या दिवशीं रक्त पुन्हां काढावें लागतें.