होम्स, ड्रॅक्युला आणि एक टाळलेली गाठ

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आर्थर कॉनन डॉयलने स्टोकरला पत्र लिहून तिची मनापासून प्रशंसा केली. आपल्या शेरलॉक होम्सला मात्र त्याने खऱ्या रक्तपिपासूसमोर कधीच उभे केले नाही. १९२४ च्या ‘ससेक्स व्हॅम्पायर’ या कथेत एक आई तान्ह्या बाळाच्या मानेतून रक्त शोषताना दिसते. होम्स पिशाच्चाची कल्पना हसण्यावारी नेतो. सावत्र मुलाने बाळाच्या अंगात भिनवलेले विष ती माउली शोषून काढत होती, असे अखेर निष्पन्न होते. गंमत अशी, की त्या काळात डॉयल स्वतः मृतात्म्यांशी संवाद साधता येतो, अशी व्याख्याने देत हिंडत होता!

ही टाळलेली गाठ १९७८ साली दोघा अमेरिकन लेखकांनी स्वतंत्रपणे घालून दिली. लॉरेन एस्टलमनचा होम्स व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलेल्या ‘डिमीटर’ जहाजाचा माग काढतो. पण ड्रॅक्युलाचा वध स्टोकरने हार्कर आणि मॉरिस यांच्या नावे आधीच लिहून ठेवलेला. होम्स तिथे पाहुणाच ठरतो. शिवाय अडचण मुळातली आहे. जगात अतर्क्य काही नाही, हेच होम्सचे बळ. ड्रॅक्युला खरा मानला, की झुंजीआधीच त्याचे शस्त्र गळून पडते.

फ्रेड सेबरहेगनने म्हणूनच, मला वाटते, झुंजीलाच बगल दिली. त्याच्या कादंबरीत निम्मे निवेदन वॉटसनचे, निम्मे ड्रॅक्युलाचे. आणि हा सरदार चक्क होम्सचा आप्त निघतो.