मूळ संहितेपासून

‘संहिता’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. संगणकाच्या व्यवहारात तो ‘मूळ संहिता’ म्हणून आला, आणि आमच्या मते तेथेही तो योग्य जागीच पडला आहे.

रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या लिनक्स संगणकावर पायथनसारखी भाषा दोन मार्गांनी आणता येते. कोणी बांधून ठेवलेली तयार प्रत उतरवून घ्यावी, किंवा मूळ संहिता आणून ती त्याच यंत्रावर कंपायलरकरवी यंत्रभाषेत उतरवावी. पहिले काम मिनिटांचे. दुसऱ्याला बराच वेळ लागतो; कंपायलरच बांधायला घेतला तर तासन् तास जातात, आणि यंत्राची स्मृती तोकडी पडली की काम मध्येच थांबते. मग हा खटाटोप कशासाठी? तयार प्रत चालवता येते. तीत बदल करायचा तर संहितेकडेच जावे लागते, एवढ्यासाठी.

येथे एक पेच आहे. कंपायलरचीही संहिताच असते, आणि ती यंत्रभाषेत उतरवायला आधीचा कंपायलर लागतो. त्याच्याही आधीचा? असे मागे जात राहिले की शेवटी कोणीतरी हाताने आकड्यांत लिहिलेल्या आज्ञांपाशी आपण पोचतो. संहितेत कोठेही दिसणार नाही असे काही कंपायलरमध्ये दडवता येते, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानात दाखवले. (पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी ते जरूर वाचावे.)

दक्षिण मुंबईला हा पेच जुनाच. जावजी दादाजींनी १८६४ साली आधी खिळे ओतण्याचा कारखाना काढला. ‘निर्णयसागर’ छापखाना त्यानंतर, १८६९ साली. हा क्रम आम्हांला फार बोलका वाटतो. विकतच्या खिळ्यांवर पुस्तक निघते, पण नवे जोडाक्षर हवे झाले की ठसा कोरणाराच लागतो.

तीच वृत्ती पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिसते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून संगणक आणवला. मुंबईच्या मंडळींनी मात्र तो घडवायचा ठरवले. गटाचे प्रमुख आर. नरसिंहन् सोडले तर त्यांतल्या कोणीही तोवर संगणक वापरलेला नव्हता. १९५६ च्या अखेरीस प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले. सुमारे २७०० निर्वात नळ्या, आणि फेराइटच्या कड्यांच्या स्मृतीत ४० अंकांचे २०४८ शब्द! कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये झाले, तेव्हा पंडित नेहरूंनी त्या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

त्याच्यासाठी आज्ञावली बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्र एकच; त्याची भाषा जाणणारे ज्यांनी ते घडवले ते, किंवा ज्यांना त्यांनी शिकवले ते.

टिफ्रॅक पुरे होईतो जगात ट्रान्झिस्टर आले होते. ते जन्मतःच जुने होते, असा आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. परंतु परदेशी यंत्र येथे आले तेव्हा ते समजून घेणारी माणसे तयार होती, हे आक्षेपकांच्या हिशेबात येत नाही.

याच संस्थेच्या कुशीतून १९८५ साली जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था निघाली, आणि कवी व अक्षरकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी तेथे संगणकासाठी देवनागरी अक्षरे घडवली. त्यांचा ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी गेला. तो वापरता येतो. त्यात फेरफार करण्याची मोकळीक मात्र वाचकाला नाही. त्यांचाच ‘रघु’ हा टंक मुक्त परवान्याखाली आला. त्याची फाइल उघडून एखाद्या जोडाक्षराचा घाट बदलायला आजही कोणाची परवानगी लागत नाही.