बीपीवर जीन थेरपी : सर्पगंधेच्या मुळीपासून सहामाही इंजेक्शनपर्यंत

"डॉक्टर, बीपीवर जीनचं इंजेक्शन निघालंय म्हणे. एकदा टोचून घेतलं की गोळी कायमची बंद ना?" असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. शिरोली एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणं किती अवघड जातं, हे कळतं. पण उत्तर समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

उच्च रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचं मोठं नाव आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा लेख प्रसिद्ध केला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह जगापुढं मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या. पुढं लक्षात आलं, की जास्त डोस घेणाऱ्या काही रुग्णांचं मन खूप उदास होतं. मग डोस कमी केले, काहींची गोळी बंद केली. गोळी थांबवता येते, हा तिचा मोठा गुण. तो लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दुसरा धागा मूत्रपिंडाचा. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी 'रेनिन' नाव दिलं. पुढच्या काही दशकांत साखळी उलगडली. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन तयार करतं. रेनिन त्याचा तुकडा पाडतं, आणखी एक एन्झाइम तो तुकडा अजून छाटतं, आणि शेवटी जे बनतं ते रक्तवाहिन्या आवळतं. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या संशोधनातून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी त्या छाटणाऱ्या एन्झाइमलाच अडवते. म्हणजे १८९८ च्या सशापासून या गोळीपर्यंत ८३ वर्षं लागली!

आता जीनकडं येऊ. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. पॅटर्नवरून वाळूचा साचा होतो आणि साच्यात ओतून कास्टिंग. शरीरात जीन म्हणजे पॅटर्न, आरएनए म्हणजे साचा आणि प्रथिन म्हणजे कास्टिंग. आपल्या नेहमीच्या गोळ्यांपैकी काही गोळ्या कास्टिंग तयार झाल्यावर पुढचं मशीनिंग अडवतात. मग साचाच मोडला तर?

१९९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी जन्मतः बीपी असलेल्या उंदरांच्या मेंदूत असा प्रयोग केला आणि त्यांचा रक्तदाब उतरला. माणसापर्यंत यायला आणखी तीस वर्षं गेली. झिलेबेसिरान नावाचं इंजेक्शन यकृतातला अँजिओटेन्सिनोजेनचा साचा मोडतं. २०२३ साली १०७ रुग्णांवरचा पहिल्या टप्प्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठा डोस मिळालेल्यांचा वरचा रक्तदाब १० पेक्षा जास्त अंकांनी उतरला आणि एका इंजेक्शनचा परिणाम २४ आठवडे टिकला.

पण नीट पाहा, इथं पॅटर्नला कुणी हात लावलेला नाही. तुमची जीन जशीच्या तशी राहते आणि काही महिन्यांनी साचे पुन्हा पडू लागतात. म्हणून ही 'कायमची' जीन थेरपी नव्हे. आणि जीनच कायमची बदलायची म्हटली, तर कोणती? २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात रक्तदाबाशी संबंधित ५३५ नवी ठिकाणं जनुकांच्या नकाशावर सापडली. बहुतेकांचं बीपी एका बिघडलेल्या जीनमुळं नसतं. शेकडो जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो, त्यात मीठ, वजन, तंबाखू आणि दारूची भर पडते.

आणखी एक गोष्ट. रक्तदाब वाढवणारी ही साखळी आपली शत्रू नाही. भट्टीसमोर घाम गळतो, जुलाब-उलट्या होतात, अपघातात रक्त जातं, तेव्हा तीच रक्तदाब सावरून धरते. अशा वेळी गोळी एक-दोन दिवस थांबवायला डॉक्टर सांगू शकतात. सहा महिन्यांचं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. म्हणूनच या औषधाच्या चाचण्या सावकाश चालल्या आहेत, आणि तेच योग्य आहे.

त्याच २०२३ च्या अभ्यासात काही जणांना जास्त मिठाचा आहार देऊन पाहिला, तर इंजेक्शनचा परिणाम कमी झाला. म्हणजे उद्या हे औषध बाजारात आलं, तरी लोणचं, पापड, फरसाण यांचा हिशेब चुकणार नाही!

तोवर काय करायचं?

गोळी रोज घ्या. शिफ्ट बदलत असेल तर ती जेवणाच्या डब्याशी जोडावी की घरातून निघण्याच्या वेळेशी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. बीपी नॉर्मल आलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळंच नॉर्मल आलेलं असतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उष्णतेनं चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर आधी सांगा. या साखळीवर काम करणाऱ्या गोळ्या गर्भाला घातक असतात, त्या बदलाव्या लागतात.

नवं इंजेक्शन येईल तेव्हा येईल. पण त्याची वाट पाहत उघडं सोडलेलं बीपी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांचं नुकसान करत राहतं, आणि ते भरून काढणारं इंजेक्शन कुणाकडंच नाही.